हजेरी, झडती आणि पाळत : सेवकाच्या खाजगीपणाचा एक शब्देतिहास

(१)

परभणी जिल्ह्यातील पूर्णा तालुक्यात, पूर्णा जंक्शन आणि नांदेड यांच्या दरम्यान, चुडावा हे गाव लोहमार्गावर वसलेले आहे. हैदराबाद संस्थानाच्या काळात, १९०० च्या सुमारास, हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेचा मीटरगेज मार्ग मनमाडपर्यंत पुरा झाला आणि गोदाकाठच्या या टापूतील गावांचा संबंध तारयंत्राशी व घड्याळाच्या काट्याशी आला. आज या गावी रेल्वे स्थानक आहे, पोलीस ठाणे आहे. मराठवाड्यातील बहुतेक गावांप्रमाणे येथेही शिक्षक, अंगणवाडी सेविका आणि रोजगार हमीच्या कामावर जाणारे मजूर आहेत. या सर्वांच्या कामाची नोंद आता कोणत्या ना कोणत्या यंत्रामार्फत गावाबाहेर, दूरच्या कचेरीत, पोहोचत असते.

कामाच्या जागी होणाऱ्या ऑनलाइन देखरेखीचा विषय निघाला म्हणजे पुण्या-मुंबईच्या संगणक कंपन्या सामान्यतः डोळ्यांपुढे उभ्या राहतात. तथापि हा प्रश्न चुडाव्यासारख्या लहान गावाकडून पाहिला असता त्याचे स्वरूप अधिक स्पष्ट होते. कारण तेथे जुनी व नवी देखरेख शेजारी शेजारी नांदत असते, आणि मराठी भाषेने या व्यवहारासाठी जे शब्द घडविले अथवा उसने घेतले ते तेथे अद्याप नित्य वापरात असतात.

हे शब्द मुख्यतः तीन आहेत : हजेरी, झडती आणि पाळत. सेवक आपल्या जागी आहे किंवा नाही, हा हजेरीचा प्रश्न होय. त्याच्याजवळ काय आहे, हा झडतीचा प्रश्न होय. आपल्याकडे कोणी पाहत नाही अशा समजुतीने तो वागतो तेव्हा काय करतो, हा पाळतीचा प्रश्न होय. या तीन क्रियांना इतिहासात निरनिराळे शब्द होते. इतकेच नव्हे, तर त्यांची वेळ, जागा आणि त्या करणारा माणूसही वेगवेगळा होता. आधुनिक देखरेखीचे वैशिष्ट्य असे की तिने या तिन्ही क्रिया एकाच यंत्रात एकवटल्या आणि त्या एकत्रित क्रियेला त्यांपैकी सर्वांत निरुपद्रवी असे हजेरीचे नाव दिले. सेवकाच्या खाजगीपणासंबंधीचा आजचा वाद समजून घ्यावयाचा तर ही गुंतागुंत प्रथम सोडविली पाहिजे.

(२)

'हजेरी' हा शब्द अरबी 'हाजिर' पासून फारसीमार्गे मराठीत आला. त्याच अरबी धातूपासून 'हुजूर' हा शब्दही आला आहे. दोहोंचा मूलार्थ उपस्थिती असाच आहे; परंतु मराठी राज्यव्यवहारात त्यांची वाटणी मोठी लक्षणीय झाली. जो उपस्थित राहतो तो 'हजर', आणि ज्याच्यासमोर उपस्थित राहावयाचे तो 'हुजूर'. एकाच धातूने चाकर आणि धनी या दोघांनाही नाव दिले. यावरून हजेरी ही मुळात समोरासमोर घडणारी क्रिया होती, हे ध्यानात येते. हजेरी घेणारा आणि देणारा एकमेकांना पाहत असत.

'नोकर' या शब्दाची कथाही अशीच उद्बोधक आहे. मोंगोल भाषेतील 'सोबती' वा 'साथीदार' या अर्थाचा शब्द फारसीतून हिंदुस्थानी भाषांत आला आणि येथे त्याचा अर्थ पगारी सेवक असा स्थिरावला. सोबत्याचा सेवक झाला तेव्हा त्याची ओळख लिहून ठेवण्याची गरज उत्पन्न झाली. अलाउद्दीन खलजीने सैन्यातील घोड्यांस डाग देण्याची व शिपायांचे वर्णन लिहून ठेवण्याची पद्धत घातली. अकबराने ती पुनरुज्जीवित केली. त्या वर्णनपत्रास 'चेहरा' म्हणत. मराठीतील 'चेहरेपट्टी' हा शब्द या परंपरेतील आहे. आज आपण तो मुखाच्या ठेवणीपुरता वापरतो. परंतु चाकरीस घेतलेल्या माणसाचे नाव, वय, बांधा व अंगावरील खुणा यांची टिपणी असा त्याचा कचेरीतील अर्थ होता. एका घोडेस्वाराच्या जागी दुसरा उभा करून पगार उचलला जाऊ नये, हा तिचा हेतू. चेहऱ्यावरून हजेरी घेणारे आजचे यंत्र नवे असले, तरी त्यामागील संशय किमान सातशे वर्षांचा आहे, असे म्हणणे अयुक्त होणार नाही.

मात्र एक भेद विसरता कामा नये. चेहरेपट्टी एकदा लिहिली जाई आणि हजेरीच्या प्रसंगी ताडून पाहिली जाई. दोन हजेऱ्यांच्या मधला काळ शिपायाचा स्वतःचा असे.

(३)

हा 'स्वतःचा' काळ अथवा स्वतःचा अवकाश दर्शविण्यासाठी मराठीत आज 'खाजगी' हा शब्द रूढ आहे. त्याचे जुने रूप 'खासगी'. अरबी 'खास' या शब्दास फारसी प्रत्यय लागून तो सिद्ध झाला. 'आम' म्हणजे सर्वांचे, 'खास' म्हणजे निवडकांचे, विशेषतः राजाचे. मराठेशाहीच्या हिशेबी भाषेत 'खासगी' म्हणजे धन्याच्या घरचा, दौलतीच्या हिशेबापासून वेगळा ठेवलेला विभाग. होळकरांच्या राज्यातील खासगी प्रसिद्ध आहे. दौलतीच्या उत्पन्नापासून वेगळ्या असलेल्या या उत्पन्नातून अहिल्याबाईंचा दानधर्म व घाट-देवालयांचे बांधकाम चाले.

याचा अर्थ असा की मराठीच्या राजकीय इतिहासात 'खासगी' ही ज्याच्यापाशी असू शकत होती ती व्यक्ती मुख्यतः धनी होती. धन्याने आपल्या व्यवहारांपैकी काही भाग इतरांच्या तपासणीतून राखून ठेवावा, हा त्याचा मान होता. सेवकाचाही असा राखीव भाग असू शकतो, ही कल्पना त्या शब्दात नव्हती. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी कल्पनांच्या संसर्गाने 'खाजगी' हा शब्द हळूहळू कोणाही माणसाच्या वैयक्तिक बाबींस लावला जाऊ लागला. शब्दाची मालकी बदलली; परंतु कचेरीच्या आणि कारखान्याच्या दारात ती बदलण्यास फार वेळ लागला.

(४)

कारखान्याच्या दारात जो शब्द राज्य करीत होता तो 'झडती'. पेशवाईच्या कागदांत 'गावझडती' म्हणजे गावच्या वसुलाचा व खर्चाचा तपशीलवार झाडा. म्हणजे झडती मुळात हिशेबाची होई. तीच पुढे माणसाच्या अंगाची व बोचक्याची होऊ लागली. गिरणीच्या फाटकावर सुटीच्या भोंग्यानंतर कामगारांची झडती होत असे. सूत, बॉबिन अथवा कापडाचा तुकडा बाहेर जाऊ नये, हे तिचे प्रयोजन.

मुंबईच्या गिरण्यांत हजेरी ज्याच्या हातात असे तो जॉबर अथवा मुकादम, आणि स्त्री-कामगारांवर नाईकीण. 'मुकादम' हा शब्दही अरबी असून 'पुढे ठेवलेला' असा त्याचा अर्थ. मध्ययुगात तो गावच्या पाटलास लावीत. गिरणीत तो टोळीच्या म्होरक्यास लागला. मुकादम कामावर घेई, काढून टाकी, खाडा मांडी, हप्ता घेई. कामगार कोणत्या गावचा, कोणाच्या खोलीत राहतो, कोणाचे कर्ज त्याच्यावर आहे, हे सर्व त्यास ठाऊक असे. १९२९ मध्ये नेमलेल्या शाही श्रम आयोगाने या पद्धतीचे दोष सविस्तर नोंदविले आहेत. मुकादमाची नजर जाचक होती, यात शंका नाही. परंतु ती एका ओळखीच्या माणसाची नजर होती. तिच्याशी भांडता येई, तिच्यापुढे गयावया करता येई, आणि प्रसंगी सारे खाते मिळून तिच्याविरुद्ध उभेही राहत असे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या सभा भरवून ज्या मागण्या मांडल्या, त्यांत आठवड्याच्या सुटीची मागणी प्रमुख होती. १८९० मध्ये मुंबईच्या गिरण्यांत रविवारची सुटी मान्य झाली. वेतनाइतकाच हा प्रश्न हजेरीचाही होता. आठवड्यातील एक दिवस कोणासही 'हजर' असण्याचे बंधन कामगारावर असू नये, असा त्याचा आशय होता.

झडतीचा इतिहास एका कायद्यामुळे महत्त्वाच्या वळणावर आला. औद्योगिक सेवायोजन (स्थायी आदेश) अधिनियम, १९४६ याच्या अनुसूचीत ज्या बाबींविषयी मालकाने लेखी नियम केलेच पाहिजेत त्यांची यादी होती, आणि ठरावीक दरवाजाने आत येण्याचे बंधन व झडतीस पात्र असणे ही त्यांपैकी एक बाब होती. शिवाय हे नियम इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत दर्शनी जागी लावावेत, असेही त्या कायद्याने ठरविले होते. पुढे हा कायदा २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत समाविष्ट झाला. कायद्याने झडती बंद केली नाही. ती जाहीर, लेखी आणि फाटकापुरती मर्यादित केली. कामगाराला आपली झडती होणार हे अगोदर आणि आपल्या भाषेत कळले पाहिजे, हे तत्त्व भाषेच्या अभ्यासकांनी विशेष लक्षात घ्यावे असे आहे.

(५)

तिसरा शब्द 'पाळत'. 'पाळणे' या क्रियापदाशी त्याचे नाते आहे; म्हणजे सांभाळ आणि संशय यांचा उगम मराठीत एकाच जागी आहे. पाळत सामान्यतः चोरावर, शत्रूवर ठेवीत. नोकरावर पाळत ठेवणे हे धन्यास कमीपणा आणणारे मानले जाई. हजेरी व पाळत यांचा संकर ज्या ठिकाणी सर्वांत उग्र स्वरूपात झाला, ते ठिकाण म्हणजे तथाकथित गुन्हेगार जमातींसाठी इंग्रजी अमलात स्थापन झालेल्या वसाहती.

१८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९११ मध्ये सुधारून सर्व ब्रिटिश हिंदुस्थानास लागू करण्यात आला. नोंद झालेल्या जमातीच्या व्यक्तींच्या बोटांचे ठसे घेणे, त्यांनी ठरावीक वेळी हजेरी देणे आणि वास्तव्याची जागा बदलल्यास कळविणे, अशा तरतुदी त्यात होत्या. सोलापूरच्या वसाहतीत तारेच्या कुंपणाआड ठेवलेली ही माणसे तेथील कापडगिरण्यांत मजुरी करीत. त्यांच्या बाबतीत गिरणीतील हजेरी आणि वसाहतीतील हजेरी यांत भेद उरला नव्हता. कामगार म्हणून आणि संशयित म्हणून त्यांची एकाच दिवसात अनेकदा मोजदाद होई. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला आणि त्या दिवसाची स्मृती 'विमुक्त दिन' म्हणून जपली जाते. बोटाचा ठसा, ठावठिकाण्याची नोंद आणि वेळोवेळी हजेरी ही तीन साधने एकत्र आली म्हणजे काम करणारा माणूस आपोआप संशयित ठरतो, हा या इतिहासाचा धडा होय. आजच्या हजेरीयंत्रांत हीच तीन साधने पुन्हा एकत्र आलेली दिसतात. हेतू भिन्न असला, तरी साम्य दृष्टीआड करता येत नाही.

(६)

स्वातंत्र्यानंतर सरकारी कचेऱ्यांत आणखी एक शब्द प्रतिष्ठा पावला. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य स्थापन झाले, भाषा संचालनालयाची स्थापना झाली आणि प्रशासनासाठी मराठी परिभाषा घडविण्याचे कार्य सुरू झाले. त्या परिभाषेत 'गोपनीय' हा शब्द रूढ झाला, आणि कर्मचाऱ्यांच्या तोंडी तो सर्वाधिक ज्या जोडीने येतो ती जोडी म्हणजे 'गोपनीय अहवाल'. वरिष्ठाने कनिष्ठाविषयी दरवर्षी लिहावयाचा हा अहवाल ज्याच्याविषयी लिहिला जाई त्याच्यापासूनच गुप्त ठेवला जाई; केवळ प्रतिकूल शेरे तेवढे त्यास कळवीत. म्हणजे 'खासगी' जशी धन्याची, तशी गोपनीयताही कचेरीची. सेवकाविषयीचे ज्ञान सेवकावाचून इतरांपाशी असावे, असा तो संकेत होता.

सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये देवदत्त विरुद्ध भारत संघराज्य या खटल्यात, वार्षिक अहवालातील प्रत्येक शेरा, तो अनुकूल असो वा प्रतिकूल, संबंधित कर्मचाऱ्यास कळविला पाहिजे, असा निर्णय दिला. पुढील वर्षी केंद्र शासनाने तदनुसार आदेश काढले. पुढे २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्यक्तीचा खाजगीपणा मूलभूत हक्क ठरविला, तेव्हा मराठीत 'गोपनीयतेचा हक्क' हा शब्दप्रयोगही झाला. जो शब्द अर्धशतक सेवकापासून माहिती लपविण्यासाठी वापरला गेला, तोच आता सेवकाची माहिती राखण्यासाठी योजला जात आहे. हा अर्थबदल पूर्ण झाला आहे काय, हाच मुख्य प्रश्न आहे.

(७)

येथे पुन्हा चुडाव्याच्या स्थानकाकडे वळणे सोयीचे होईल. भारतीय रेल्वेच्या लहान स्थानकातील स्टेशन मास्तराचे काम बहुतांशी दूरध्वनीवर चालते. गाडी नियंत्रकाशी जोडलेल्या वाहिनीवर अनेक स्थानके एकत्र असतात. एका स्थानकाचे बोलणे दुसऱ्यास ऐकू येऊ शकते, आणि हे सर्वांस ठाऊक असते. सिग्नल व सांधे यांच्या प्रत्येक हालचालीची वेळ नोंदविणारे 'डेटा लॉगर' नावाचे यंत्र अनेक स्थानकांत बसविलेले आहे. कोणते बटण कोणत्या क्षणी दाबले गेले, हे अपघाताच्या चौकशीत त्यावरून सिद्ध होते. ही देखरेख कडक आहे. परंतु तिचा विषय सिग्नल आहे, स्टेशन मास्तर नव्हे. तिचे प्रयोजन प्रवाशांची सुरक्षितता हे असून त्या प्रयोजनाच्या पलीकडे ती सहसा जात नाही.

याच कामात 'प्रायव्हेट नंबर' नावाची एक जुनी रीत आहे. दोन स्थानकांमध्ये महत्त्वाच्या संदेशाची देवघेव झाली म्हणजे स्टेशन मास्तर आपल्याजवळील तक्त्यातून एक अंक सांगतो व तो दोन्हीकडे नोंदविला जातो. एकदा सांगितलेला अंक खोडला जातो. सांगेपर्यंत तो केवळ त्याच्यापाशीच असतो, म्हणूनच त्या संदेशाच्या सत्यतेची तो खूण ठरतो. सेवकापाशी त्याचे स्वतःचे असे काही राखलेले असणे हे कामाच्या आड न येता कामाचा आधार ठरू शकते, याचे इतके साधे उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल.

गावातील पोलीस ठाण्याचीही गोष्ट विचारात घेण्याजोगी आहे. २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशातील प्रत्येक पोलीस ठाण्यात चित्रणाबरोबर ध्वनीही टिपणारे कॅमेरे बसविण्याचा आदेश दिला. ठाणे ही पोलिसांची कामाची जागा असली, तरी येथे देखरेख सत्ताधाऱ्यावर आहे आणि तिचा लाभ कोठडीतील दुर्बळास आहे. यावरून देखरेख सर्वत्र त्याज्य ठरत नाही, हे स्पष्ट होते. ती कोणावर, कोणासाठी आणि कोणाच्या हाती, यावर तिची युक्तता अवलंबून असते.

(८)

गावाच्या शिवारातील हजेरीची गोष्ट निराळी आहे. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यात खडी फोडण्याच्या व बंधाऱ्यांच्या कामांवर लक्षावधी माणसे गेली, वि. स. पागे यांच्या प्रयत्नांतून उभ्या राहिलेल्या रोजगार हमी योजनेस पुढे कायद्याचे रूप येऊन तो कायदा १९७९ पासून अमलात आला. या योजनेने खेडोपाडी एक इंग्रजी शब्द नेला : 'मस्टर'. लॅटिनमधील 'दाखविणे' या अर्थाच्या क्रियापदापासून तो निघाला आहे. मस्टरवर खोटी नावे घातली जात, हे खरे. परंतु मस्टर कागदाचे होते आणि ते वाचता येत होते. राजस्थानात १९९० नंतरच्या दशकात मजुरांनी जनसुनवाईत मस्टरचे जाहीर वाचन करून खोटी नावे उघडकीस आणली, आणि त्या चळवळीचा मोठा वाटा २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या निर्मितीत आहे. तेथे हजेरीची दिशाच उलटली : मजुरांनी कचेरीची हजेरी घेतली.

मे २०२१ मध्ये केंद्र शासनाने राष्ट्रीय रोजगार हमीच्या मजुरांसाठी मोबाइलवरील हजेरी सुरू केली आणि १ जानेवारी २०२३ पासून, व्यक्तिगत लाभाची कामे वगळता, ती सर्व कामांवर अनिवार्य केली. दिवसातून दोनदा मजुरांचे छायाचित्र वेळ व अक्षांश-रेखांशासह पाठवावयाचे, असे तिचे स्वरूप. लॅटिन शब्दाचा 'दाखविणे' हा मूलार्थ अशा रीतीने अक्षरशः परत आला. सकाळी काम संपविलेल्या बाईस दुपारच्या छायाचित्रासाठी पुन्हा यावे लागू लागले. जेथे मोबाइलचे जाळे नाही तेथे केलेल्या कामाची हजेरी बुडण्याची पाळी आली. आणि जी फसवणूक थांबविण्यासाठी हे सर्व योजिले ती थांबली काय? जुलै २०२५ मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयालाच परिपत्रक काढून असंबद्ध छायाचित्रे व छायाचित्राचेच छायाचित्र पाठविले जात असल्याची दखल घ्यावी लागली, आणि उपाय म्हणून छायाचित्रे माणसांकडून तपासून घेण्याचा आदेश द्यावा लागला. यंत्राच्या हजेरीवर पुन्हा मुकादम बसवावा लागला, असा याचा अर्थ.

अंगणवाडी सेविकांचा अनुभवही येथे नोंदविला पाहिजे. २०२१ मध्ये पोषणविषयक नोंदींसाठी नवे ऑनलाइन साधन आले तेव्हा त्याची भाषा इंग्रजी होती आणि शासनाने दिलेले मोबाइल सदोष होते. त्या वर्षी ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातील सेविकांनी ते मोबाइल मोठ्या संख्येने शासनाकडे परत केले. १९४६ च्या कायद्याने फाटकावरील झडतीसाठी जे तत्त्व घातले होते, म्हणजे कामगाराच्या भाषेत नियम, ते पाऊणशे वर्षांनंतर हातातील यंत्राला लागू झालेले नव्हते. नागपूर महानगरपालिकेने सफाई कामगारांच्या मनगटावर ठावठिकाणा सांगणारी घड्याळे बांधली, तेव्हाही ती हजेरीसाठीच असल्याचे सांगण्यात आले. परंतु हजेरी सकाळी एकदा होते. घड्याळ दिवसभर पाहत असते. जी हजेरी संपत नाही तिला मराठीत पाळत म्हणतात.

(९)

संगणकावर काम करणाऱ्या नोकराच्या बाबतीत हा संकर पुरा होतो. कचेरीने दिलेल्या संगणकावरून कोणत्या संकेतस्थळास कोणत्या वेळी भेट दिली याची नोंद कचेरीच्या मध्यवर्ती यंत्रात राहते; ई-मेल तेथूनच जात असल्याने ते वाचता येतात; कळफलक व माउस किती वेळ स्वस्थ होते हे मोजता येते; पडद्याचे चित्र ठरावीक अंतराने टिपता येते. पहिली नोंद हजेरीची, दुसरी झडतीची, उरलेल्या दोन पाळतीच्या. परंतु नोकराला यांपैकी एकही होत असताना दिसत नाही. मार्च २०२० च्या टाळेबंदीनंतर कचेरी घरात आली आणि फाटक नाहीसे झाले. झडती फाटकापाशी संपत असे. आता ती कोठे संपते, हे सांगता येत नाही.

या प्रश्नाचा सर्वांत सखोल न्यायिक विचार रुमानियातील एका खटल्यात झाला. बुखारेस्टमधील बार्बुलेस्कू या अभियंत्याने मालकाच्या सूचनेवरून ग्राहकांशी बोलण्यासाठी याहू मेसेंजरवर खाते उघडले होते. जुलै २००७ मध्ये मालकाने काही दिवस त्यावरील संभाषण टिपले आणि अभियंत्याने भावाशी व वाग्दत्त वधूशी केलेल्या बोलण्याची पंचेचाळीस पानांची प्रत त्याच्यापुढे ठेवून त्यास कामावरून काढले. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या महापीठाने ५ सप्टेंबर २०१७ रोजी अकरा विरुद्ध सहा मतांनी त्याच्या बाजूने निर्णय दिला. मालकाने देखरेख करूच नये, असे न्यायालयाने म्हटले नाही. देखरेखीची पूर्वसूचना, तिची व्याप्ती, तिचे सबळ कारण आणि सौम्यतर उपायाची शक्यता यांचा विचार झाला पाहिजे, आणि मालकाच्या नियमांनी कामाच्या जागेतील माणसाचे खाजगी जीवन शून्यावर आणता येत नाही, असा त्या निर्णयाचा आशय आहे.

त्याच्या बारा दिवस आधी, २४ ऑगस्ट २०१७ रोजी, भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने खाजगीपणास मूलभूत हक्काचे स्थान दिले. हा हक्क मुख्यतः शासनाविरुद्ध आहे. खाजगी मालकाविरुद्ध तो कसा चालवावा, हे संसदेच्या कायद्यावर अवलंबून राहिले. तो कायदा, म्हणजे डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये संमत झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित होऊन टप्प्याटप्प्याने अमलात आणण्याचे ठरले. त्याच्या सातव्या कलमात संमतीवाचून माहिती वापरण्यास ज्या बाबी मोकळ्या ठेवल्या आहेत त्यांत 'सेवायोजनाची प्रयोजने' आणि मालकास हानी वा दायित्वापासून वाचविणे या बाबी आहेत. व्यापारी गुपितांचे व गोपनीयतेचे रक्षण हे त्याचे उदाहरण म्हणून दिले आहे. म्हणजे 'गोपनीयता' हा शब्द या कलमात पुन्हा धन्याच्या बाजूस जाऊन बसला. संमती न घेण्याची ही मोकळीक एक वेळ व्यवहार्य मानता येईल. कारण पोटासाठी नोकरी करणाऱ्याची संमती कितपत मोकळी असते, हा प्रश्न उरतोच. परंतु मग संमतीच्या जागी मर्यादा हवी, आणि बार्बुलेस्कू निर्णयातील कसोट्यांसारख्या कसोट्या या कलमात नाहीत.

(१०)

वरील इतिहासावरून काही निष्कर्ष काढता येतात. देखरेख नवी नाही, आणि मालकाचा हिशेब मागण्याचा अधिकारही अमान्य करता येत नाही. दुष्काळी कामावर खोटे नाव घालणे हा खऱ्या मजुराच्या तोंडचा घास काढण्याचा प्रकार आहे. तो रोखणे योग्यच होय. परंतु प्रत्येक जुन्या देखरेखीला काही तरी सीमा होती. हजेरीला वेळेची सीमा होती, झडतीला फाटकाची, आणि पाळतीला लोकलज्जेची. या सीमा कोणी उदारपणे घालून दिल्या नव्हत्या. काही साधनांच्या अपुरेपणातून आल्या, काही लोखंड्यांसारख्यांच्या झगड्यातून, तर काही कायद्यातून. साधनांचा अपुरेपणा आता संपला आहे. म्हणून ज्या सीमा पूर्वी आपोआप पडत, त्या यापुढे हेतुपुरस्सर आखाव्या लागतील.

त्या आखण्याची कसोटीही या शब्दांतच मिळते. ज्या नोंदीविषयी सेवकाला अगोदर, त्याच्या भाषेत, सांगितले आहे. जी ठरावीक वेळी सुरू होते व संपते. जी त्याला स्वतःला पाहता येते आणि चुकली असल्यास दुरुस्त करून घेता येते, तिलाच हजेरी म्हणावे. यांपैकी एकही अट जेथे मोडते, तेथे दुसरा शब्द वापरण्याचा प्रामाणिकपणा शासनाने व मालकाने दाखविला पाहिजे. कारण दुपारच्या दुसऱ्या छायाचित्रासाठी बांधावर थांबलेल्या मजूर बाईला 'ही केवळ हजेरी आहे' असे सांगितले जाते, तेव्हा तिच्याकडून एक वेळचा पुरावा मागितलेला नसतो. तिच्या उरलेल्या दिवसावरही हक्क सांगितलेला असतो.

या विषयाचे एक अंग संशोधकांसाठी पूर्णतः मोकळे आहे. महाराष्ट्रातील नियुक्तिपत्रे, शासकीय परिपत्रके, कारखान्यांचे स्थायी आदेश आणि मोबाइल-हजेरीच्या सूचना यांची भाषा एकत्र करून, त्यांत हजेरी, तपासणी, देखरेख, संमती, खाजगी व गोपनीय हे शब्द कोणी कोणासाठी वापरले आहेत याचा कालक्रमाने अभ्यास होणे अगत्याचे आहे. मराठवाड्यात या कामास विशेष वाव आहे. कारण येथे निजामी राजवटीतील उर्दू दफ्तर, मुंबई राज्याची मराठी-इंग्रजी परिभाषा आणि महाराष्ट्राची शासनमराठी असे तीन थर एकाच गावच्या कागदांत सापडतात. चुडाव्यासारख्या एखाद्या गावापासून त्याचा आरंभ करण्यास हरकत नाही.